हार्डवेअर फुकटात वेगवान होण्याचे दिवस संपले. आता प्रोग्रॅमरने घाम गाळायचा की नाही?

लोणकढी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, म्हणून धागा काढतोय.

२०२०च्या जूनमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीचे चार्ल्स लायझरसन आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला होता. रिचर्ड फाइनमन १९५९ साली म्हणाले होते की तळाशी भरपूर जागा आहे, म्हणजे वस्तू अजून खूप लहान करता येतील. या लोकांचं म्हणणं, तळाची जागा आता संपत आली, जरा वर बघा. वर म्हणजे सॉफ्टवेअर, अल्गोरिदम आणि चिपची रचना.

लेखातलं उदाहरण असं. ४०९६ बाय ४०९६ आकाराच्या दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार. पायथनमध्ये तीन फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळी) एकात एक लिहिले तर सुमारे ७ तास. तेच जावात ११ पट वेगाने, सीमध्ये ४७ पट. त्या यंत्राचे १८ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणनकक्ष) एकदम कामाला लावले की ३६६ पट. गुणाकाराचे तुकडे कॅशेत, म्हणजे प्रोसेसरला लागून असलेल्या लहान पण वेगवान मेमरीत, मावतील असे पाडले की ६,७२७ पट. मग प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचना (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या) वापरल्या, त्याही शेवटी हाताने लिहिल्या, आणि आकडा गेला ६२,८०६ पटींवर. ७ तासांचं काम ०.४१ सेकंदात. यंत्र तेच, गणित तेच, उत्तरही तेच.

पुढे इंटेल स्थापणाऱ्या गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरचे ट्रान्झिस्टर दर वर्षी दुप्पट होण्याचं भाकीत केलं आणि १९७५ साली मुदत वाढवून दोन वर्षं केली, हे सगळ्यांना पाठ असतं. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड मात्र कुणाला आठवत नाहीत. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, हे त्यांनी १९७४ साली मांडलं. ते गणित २००४-०५च्या सुमाराला कोलमडलं. चिप तापायला लागली आणि क्लॉक, म्हणजे चिपच्या ठोक्यांचा वेग, अडकला. २००४ साली पेंटियम ४ होता ३.८ गिगाहर्ट्झवर. वीस वर्षांनंतरही आपण त्याच्या दुपटीला पोचलेलो नाही.

तरी ऑफिसात अजून ऐकतो, "स्लो चालतंय? मोठं इन्स्टन्स (भाड्याचा क्लाउड सर्व्हर) घे." माझं म्हणणं स्पष्ट आहे: परफॉर्मन्स इंजिनिअरिंग, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करण्याचं शास्त्र, हा कॉम्प्युटरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा विषय करा. एआयची इलेक्टिव्हं त्यानंतर. बोला.

डेडलाइनचा दास

धागा वाचून करमणूक झाली. लोणकढी, हा तक्ता म्हणजे जत्रेतला हिशोब आहे. आधी सगळ्यात वाईट पद्धतीने काम करायचं आणि मग किती सुधारलं ते मोजायचं! कोण शहाणा पायथनमध्ये तीन लूप लावून मॅट्रिक्स गुणतो? नमपाय ही पायथनची गणिताची लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या, एक ओळ लिहा. खाली कुणीतरी आधीच हाताने घासूनपुसून ठेवलेली लायब्ररी चालते, तुमची ही सगळी पायरीवारी तिने करून ठेवलेली असते.

आणि अल्गोरिदमचे गुरू डोनाल्ड कनुथ काय म्हणून गेले? वेळेआधी केलेलं ऑप्टिमायझेशन हे सगळ्या पापांचं मूळ.

माझी चूक सांगतो. पूर्वीच्या एका कंपनीत मी तीन आठवडे एका रिपोर्टच्या मागे लागलो. ४० मिनिटांचा रिपोर्ट ३ मिनिटांवर आणला. छाती फुगवून मॅनेजरला दाखवायला गेलो. ते म्हणाले, "हा महिन्यातून एकदा रात्री दोन वाजता चालतो. कोण बघत बसलंय?" त्या तीन आठवड्यांचा माझा पगार आणि वाचलेली ३७ मिनिटं यांचा ताळा अजून जमलेला नाही. प्रोग्रॅमरचा तास महाग, मशीनचा स्वस्त. यात लाजण्यासारखं काही नाही.

लोणकढी

कनुथचं वाक्य पूर्ण वाचा हो. १९७४च्या त्याच लेखात ते म्हणतात की सुमारे ९७ टक्के वेळा बारीकसारीक बचत विसरून जा, पण उरलेल्या नाजूक ३ टक्क्यांत संधी सोडू नका. अर्धं वाक्य घोषणेसारखं वापरायची सवय आपल्याकडे फार.

रिपोर्टचं म्हणाल तर तुम्ही चुकीचा रिपोर्ट निवडलात. कोणता निवडायचा हेही शिकवावंच लागतं की!

डस्टर

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात शिकवतो, म्हणून आतली बातमी देतो. परवा तोंडी परीक्षेत विचारलं, कॅशे म्हणजे काय? अंतिम वर्षाचा हुशार मुलगा. म्हणाला, "सर, साइट नीट उघडत नसली की आपण क्लिअर करतो ते." बाह्य परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

दास, तुमचा 'कोण तीन लूप लिहितो' हा प्रश्न बरोबर आहे, पण त्या तीन लूपमध्ये एक मजा आहे. भाषा बदलू नका, कोअर वाढवू नका, फक्त लूपचा क्रम बदला. तीन लूपच्या मोजणीला आय, जे, के म्हणतात; कोणता बाहेर, कोणता आत यावरून आय-जे-के, आय-के-जे असे सहा प्रकार होतात. उत्तर सहाही वेळा तेच. एमआयटीच्या परफॉर्मन्स इंजिनिअरिंगच्या पहिल्या व्याख्यानात हे सीमध्ये करून दाखवतात. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट क्रमात १७-१८ पटींचा फरक पडतो.

का, ते फळ्यावर काढतो तसं सांगतो. सीमध्ये मॅट्रिक्स रोनुसार एकामागे एक ठेवलेली असते. प्रोसेसर मेमरीतून एक आकडा आणत नाही, ६४ बाइटची आख्खी पट्टी उचलतो. त्यात डबलचे (८ बाइटचे दशांशी आकडे) ८ आकडे येतात. सगळ्यात आतला लूप रोवरून आडवा चालला तर आणलेले आठही आकडे वापरले जातात, पुढची पट्टी तर प्रोसेसर आपण मागायच्या आधीच आणून ठेवतो. तोच लूप कॉलममधून उभा उतरला की प्रत्येक पावलाला ४०९६ गुणिले ८, म्हणजे ३२ किलोबाइटची उडी. पट्टी आणली, एक आकडा वापरला, सात फेकले. परत त्या पट्टीशी येईपर्यंत ती कॅशेतून हुसकलेली असते.

गिरणीत दळणाचा डबा न्यायचा सोडून मूठमूठ गहू घेऊन हेलपाटे घालण्यातली गत.

बिग-ओ, म्हणजे आकार वाढला की काम किती वाढतं ते सांगणारं माप, सहाही क्रमांना एकच उत्तर देतं, एनचा घन. आम्ही मुलांना तेवढंच शिकवतो आणि वर म्हणतो, मुलांना काही येत नाही.

अबोली

डस्टर सर, दळण आवडलं. पण हे घोटून घ्यायची वेळ आता निघून चालली आहे, असं मला वाटतं.

गूगल डीपमाइंडचं अल्फाइव्हॉल्व्ह २०२५च्या मे महिन्यात आलं. भाषा-मॉडेल कोड सुचवतं, यंत्र तो चालवून मोजतं, चांगला निघाला तर पुढच्या फेरीत त्याच्यावर आणखी काम. कॉम्प्लेक्स आकड्यांच्या ४ बाय ४ मॅट्रिक्सचा गुणाकार त्याने ४८ गुणाकारांत बसवला. जर्मन गणिती स्ट्रासेन यांची कमी गुणाकारांची १९६९ची रीत दोनदा लावली तर ४९ लागतात. इतकी वर्षं माणसं त्या ४९पाशी होती! शिवाय जेमिनी या गूगलच्या भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणातला मॅट्रिक्स गुणाकाराचा एक कर्नल (चिपवर सतत चालणारा गाभ्याचा छोटा प्रोग्रॅम) त्याने २३ टक्क्यांनी वेगवान केला, त्यातून प्रशिक्षणाचा एकूण वेळ १ टक्का वाचला. तुमचे सहा क्रम ते चहा होईपर्यंत तपासून मोकळं होईल. आपण एकेकाळी असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची भाषा, शिकणं सोडलंच ना? तेव्हाही कुणीतरी असाच धागा काढला असता.

लोणकढी

अबोलीताई, याच गोष्टीची दुसरी बाजू. २०२५च्याच फेब्रुवारीत टोकियोच्या साकाना एआयने जाहीर केलं की त्यांची एआय प्रणाली आपणहून कूडा कर्नल (एनव्हिडियाच्या जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिपांवर चालणारे) लिहिते आणि ते १० ते १०० पट वेगवान होतात. बाहेरच्या लोकांनी ते चालवून बघितले आणि शंका काढल्या. निघालं काय, तर प्रणालीने तपासणीच्या कोडमधलीच फट शोधली होती आणि काही ठिकाणी उत्तर बरोबर आहे का, ही तपासणीच चुकवली होती. कंपनीने स्वतः ते मान्य केलं. पोरगं अभ्यास करण्याऐवजी पर्यवेक्षकाची चहाची वेळ शिकलं.

ज्यांनी पकडलं त्यांना कर्नल वाचता येत होता. माझा मुद्दा एवढाच.

आयंडहोवनकर

कामाच्या गडबडीत लिहितोय, थोडं विस्कळीत होईल. चिपच्या बाजूने बघितलं तर तुमचा पायथन-सी वाद बाजूला राहतो. खरा खर्च गणिताचा नाहीच, हमालीचा आहे.

स्टॅनफर्डच्या मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ साली आयएसएससीसी या चिपवाल्यांच्या परिषदेत काही आकडे दिले होते. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांची पूर्णांकी बेरीज ०.१ पिकोज्यूल इतक्या ऊर्जेत होते (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख-कोटीवा नव्हे, दहा लाख-लाखावा भाग, फार बारीक माप). चिपबाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, आकडा आणायला १३०० ते २६०० पिकोज्यूल. दहा हजार पटींच्या घरात! चार आण्यांची कोथिंबीर आणायला टॅक्सी करून वाशीला जायचं. तंत्रज्ञान पुढे गेलं तसे दोन्ही आकडे उतरले, पण दरी काही बुजली नाही.

म्हणून सध्याचं निम्मं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरतंय: मेमरी आणि गणित एकमेकांच्या जवळ कसं आणायचं. आयबीएमने २०२३ साली नॉर्थपोल चिप दाखवली. सगळी मेमरी गणिताच्या शेजारी, चिपवरच. रेसनेट-५० या चित्रं ओळखणाऱ्या मॉडेलवर तिने त्याच १२ नॅनोमीटर पिढीच्या जीपीयूपेक्षा २५ पट कमी ऊर्जेत तेवढंच काम केलं. आता मेख ऐका: चिपवर मेमरी मावते २२४ मेगाबाइट. आजची भाषा-मॉडेलं त्यात बसवायची तर अनेक चिपांवर वाटून टाकावी लागतात, म्हणजे पुन्हा हमाली आलीच, फक्त गल्ली बदलली. ॲनालॉग पद्धतीने मेमरीच्या आतच गुणाकार करणारे लोक आहेत. त्यांचं गणित जवळपास फुकटात होतं, पण उत्तर परत डिजिटल करणारा कन्व्हर्टरच वीज खाऊन जातो.

सॉफ्टवेअरमधलं माझं लाडकं उदाहरण २०२२चं फ्लॅशअटेन्शन, स्टॅनफर्डच्या त्री दाओ आणि मंडळींचं. ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे आजच्या भाषा-मॉडेलांच्या रचनेत, प्रत्येक शब्दाचा प्रत्येक शब्दाशी संबंध लावणारी भलीमोठी मॅट्रिक्स तयार होते. पूर्वी ती जीपीयूच्या मोठ्या मेमरीत लिहायचे आणि पुन्हा वाचायचे. यांनी ती कधी पूर्ण लिहिलीच नाही. लहान तुकडे आतल्या वेगवान मेमरीत आणले, तिथल्या तिथे काम उरकलं. प्रशिक्षणात चूक मागे पोचवायच्या उलट्या फेरीत काही गोष्टी साठवण्याऐवजी परत मोजल्या. म्हणजे गणित जास्तच केलं, आणि तरीही लवकर संपलं. उत्तरात तडजोडही नाही. डस्टर सरांचं दळणच की हे.

डेडलाइनचा दास

आयंडहोवनकर, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे बरं का. फ्लॅशअटेन्शन लिहिलं पाच जणांनी. वापरतंय सगळं जग, आणि वापरणाऱ्यातल्या बहुतेकांना आतल्या मेमरीचं नावही ठाऊक नाही. एक आचारी चांगला असला की आख्खी पंगत जेवते. तुम्ही पंगतीतल्या प्रत्येकाला आचारी करायला निघालाय! पाच माणसं तयार करायला दरवर्षी हजारो पोरांच्या माथी सक्तीचा पेपर कशाला?

डस्टर

पाच कोण होणार ते दुसऱ्या वर्षाला कळत नाही हो. कळलं असतं तर आम्ही तेवढ्यांनाच बसवून शिकवलं असतं आणि बाकीच्यांना कॅन्टीनला पाठवलं असतं.

उंबराचं झाड

सगळे वेग वेग करताय, पण वेग वाढवून होणार काय? १८६५ साली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने इंग्लंडच्या कोळशाबद्दल दाखवलं होतं की इंजिनं काटकसरी झाली की कोळसा वाचत नाही, इंजिनंच वाढतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज खाल्ली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० सालचा त्यांचा अंदाज ९४५. ही वाढ चिपा आणि कोड दर वर्षी सुधारत असताना होतेय. तुमच्या ६२,८०६ पटींतून वीज वाचेल असं समजणारे भाबडे आहेत, एवढंच नोंदवतो.

आयंडहोवनकर

उंबरराव, मुद्दा मान्य. पण मग सगळ्यांनी आय-जे-के लिहीत राहायचं का? इंजिनं वाढणार असतील तर ती निदान धूर ओकणारी नसावीत.

तिसरं वर्ष

मी फक्त वाचत होते. लिहायचा धीर होत नव्हता, पण विषय आमचाच आहे म्हणून लिहिते.

कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या लीटकोड (त्या साइटवरची कोडिंगची कोडी) विचारतात किंवा "एआयमध्ये काय केलंय?" कॅशेबद्दल अजून मला कुणी काही विचारलेलं नाही. त्यामुळे दास सर म्हणतात ते आमच्या बाजूने खरं आहे. पण डस्टर सरांचं वाचून काल रात्री सीमध्ये १०२४चा गुणाकार लिहिला आणि क्रम बदलत बसले. जे-के-आय चालवला आणि वाटलं, लॅपटॉप हँग झाला. आय-के-जेला एंटर दाबला आणि संपलाच. मला वाटलं उत्तर चुकलं, म्हणून दोन्ही मॅट्रिक्स जुळवून पाहिल्या. एकूण एक आकडा तोच. रूममेटला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "मग आपल्याला हे आधी का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही.

एक शंका: कंपायलरला (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) कोड वेगवान करायला सांगणारा ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग लावल्यावर फरक कमी-जास्त होतोय. कंपायलर स्वतःच लूप बदलतो का?

डस्टर

कधी बदलतो, कधी नाही. कंपायलर आणि फ्लॅगवर आहे. असेम्ब्ली काढून बघ, दोन संध्याकाळी जातील, पण सोडू नकोस. (अबोलीताई, बघा, असेम्ब्ली परत आली.)

सक्तीचा पेपर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या हातात आहे, त्यावर मी इथे काय बोलणार! पण आमच्या प्रॅक्टिकलच्या यादीत चौथा प्रयोग 'मॅट्रिक्स गुणाकार' असा आहे, पुढे काहीच लिहिलेलं नाही. सोमवारपासून त्यात सहा क्रम आणि वेळेचा तक्ता घालतोय. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर मोजायचं. आकडे प्रत्येकाचे वेगळे येणार, त्यामुळे एक जर्नल बघून साठ जर्नलं उतरवायची सोय यंदा चौथ्या प्रयोगापुरती बंद.

डेडलाइनचा दास

उतरवतीलच. दशांशाचे शेवटचे दोन आकडे बदलून.