अँटी-आयजीएम देऊनही बी पेशी थंड का?

प्रश्न: उंदराच्या प्लीहेतल्या बी पेशींना (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सशाची अख्खी अँटी-आयजीएम (त्यांच्यावरच्या आयजीएम रिसेप्टरला धरणारी प्रतिपिंडं) दिली, तर त्या जेमतेम वाढतात. तीच पेप्सिन या एन्झाइमने एफसी भाग (प्रतिपिंडाचं शेपूट) काढून दिली, की टपोऱ्या होऊन विभागायला लागतात. रिसेप्टर धरणारे दोन हात तर तेच आहेत. मग फरक कशाने?

उत्तर १: फरक त्या एफसीनेच पडतो. दोन हातांनी रिसेप्टर जवळ ओढले गेले, की लिन किनेज हे एन्झाइम रिसेप्टरच्या सीडी७९ या जोडीदार प्रथिनाच्या आतल्या टोकांवर फॉस्फेट बसवतं, तिथे सिक हे दुसरं किनेज येतं, पुढे पीएलसी-गॅमा-२ हे एन्झाइम, आणि पेशीतलं कॅल्शियम चढतं. पण ही अँटी-आयजीएम स्वतः आयजीजी प्रकारची असते, आणि अख्ख्या आयजीजीचा एफसी भाग त्याच पेशीवरच्या एफसी-गॅमा-आर-२बी या आवर घालणाऱ्या एफसी रिसेप्टरला अडकतो. मग शिप एन्झाइम येऊन पीआयपी३ हा संदेश पुढे नेणारा मेदरेणू मोडतं आणि संदेश मधेच विझतो. मला ही योजना फार आवडते: प्रतिपिंडं पुरेशी झाली, आता आवरा, हे पेशीला तयार प्रतिपिंडच सांगतं! पेशींत फ्लुओ-४ (कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग) भरून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) दोन्ही नमुने शेजारी चालव. एफसी काढलेल्याची रेष चढून टिकते, अख्खीची लगेच उतरते.

उत्तर २: प्लेटमधल्या एका विहिरीत फॅबही (प्रतिपिंडाचा एकच हात असलेला तुकडा) ठेव. ती चिकटते, पण विभाजन होत नाही. रिसेप्टर जोडले जायला हवेत. सेल आणि गेल यांनी १९६५ मध्येच सशाच्या लिम्फोसाइटना रिसेप्टरविरोधी सीरमने जागं केलं होतं.

प्रश्नकर्ता: २.४जी२ या प्रतिपिंडाने एफसी रिसेप्टर आधी झाकला तर?

उत्तर १: तर अख्खीही चालते. सोबत आयएल-४ (पेशींना संदेश देणारं प्रथिन) घाल, वाढ जोरात होते.