मदत हवी आहे: छताच्या कोपऱ्यात रंगाची रेघ सरळ येत नाही

मंडळी, बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर. पुट्टी, प्रायमर, पांढऱ्या इमल्शनचे दोन हात झालेत. एका भिंतीला गडद निळा द्यायचाय. सपाट जागी अडचण नाही: मास्किंग टेपच्या (रंगाची हद्द आखायची कागदी चिकटपट्टी) कडेवर आधी पांढऱ्याचाच पातळ हात, म्हणजे कडेखालच्या फटी बुजतात, मग निळा, आणि शेवटचा हात ओला असतानाच टेप 45 अंशांत ओढायची. कड सुरीने कापल्यासारखी येते. पण छताजवळ गिलावा लाटालाटांचा. टेप बसत नाही, रंग झिरपून रेघ दातेरी होते. त्यात पावसाळी ओल, टेपसोबत पुट्टीचे पोपडेच हातात! कोपरा ॲक्रिलिक सीलंटने (फटी बुजवायची, वरून रंगवता येणारी पेस्ट) भरावा, की दोन इंची तिरक्या ब्रशने हातानेच रेघ ओढावी? निळा छताच्या पाव इंच अलीकडे थांबवला तर डोळ्याला खटकेल का? आणि कमी चिकटणारी टेप खडेबाजारात मिळते का?