इंदूरकरांनो, घरात काय टिकलं आणि काय फसलं?

नमस्कार मंडळी. २०१७ पासून आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, पुण्याचे पाहुणे आले की आपण त्यांना आधी कचरागाडी दाखवतो आणि मग राजवाडा, खरंय ना? पण ते झालं महापालिकेचं आणि सफाईमित्रांचं कौतुक. कचरा गाडीत जायच्या आधी घरात तुम्ही काय करता, पाणी, वीज, प्लास्टिक कमी करायला काय काय करून पाहिलंत ते लिहा. अट एकच, फसलेलंही सांगायचं.

माझंच आधी. बायोएन्झाइम, म्हणजे फरशी पुसायचं घरगुती द्रावण. १ भाग गूळ, ३ भाग संत्र्या-मोसंबीची सालं, १० भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा असतो, माहीत होतं मला, पण नेमके तेव्हाच आम्ही चार दिवस उज्जैनला लग्नाला. परत आले तर बाटलीचा बूड फुगून गोल झालेला, ओट्यावर उभीच राहीना. आणि मी शहाणी, एकदम झाकण उघडलं. सालं पंख्यावर! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, फरशी पुसायलाच केलं होतंस ना, मग पूस आता. दुसऱ्या वेळी मात्र जमलं, तेव्हापासून फिनाइल आणलेलं नाही.

सुदामानगर, दुसरा मजला
अगं पंखा वाचून हसून हसून मेले. माझं कंपोस्ट. पहिले दोन महिने इतका वास की खालच्या काकूंनी गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या आत नेल्या आणि बोलणंच बंद केलं, वर अळ्या झाल्या त्या वेगळ्याच. चूक साधी होती, मी नुसतं ओलं टाकत होते. आता एक ओंजळ भाजीचे देठ तर दोन ओंजळी सुका पाला, मधून मधून आंबट ताक, आणि आठवड्यातून एकदा खालवर करायचं. पानगळीत बागेतून कडुलिंबाचा पाला गोणीत भरून आणते, वर्षभर पुरतो. ह्यांचं म्हणणं, देवगुराडियाला रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी करायची सोय आहे, त्यावर सिटी बस चालते, मग तू कशाला हात काळे करतेस? मुद्दा बरोबर आहे हो. मी गाडीच्या फेऱ्यांचं वगैरे काहीतरी सांगते, पण खरं म्हणजे डबा उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो ना, त्यासाठी करते. काकू आता बोलतात, खत हवं असतं त्यांना.

निवृत्त, राजेंद्रनगर
नर्मदेचं पाणी आपल्याकडे १९७८ साली आलं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, तेही घाट चढवून पंपाने, म्हणजे आपल्या नळातल्या प्रत्येक बादलीत वीज आहे. हे डोक्यात बसल्यापासून आरओची बारीक नळी मोरीत सोडवेना. मोजून पाहिलं, १० लिटर शुद्ध पाण्यामागे आमचं मशीन २२ लिटर टाकून देत होतं. ते टाकीत साठवून मोगऱ्याला घालू लागलो. दोन उन्हाळ्यांत पानांच्या कडा जळाल्या, मग मुलीने सांगितलं की बाबा त्यात सगळे क्षार उतरलेले असतात. पंधरा वर्षांचा मोगरा गेला. आता ते पाणी संडासात आणि पोछ्याला. आरओ बंद करायची हिंमत मात्र नाही.

मुंजीवाली
मुलाच्या मुंजीला डिस्पोजेबल नको म्हणून बर्तन बँकेतून स्टीलची ताटं-वाट्या आणल्या. सगळ्यांनी वाहवा केली, घासायला कोणी नाही. रात्री बारापर्यंत मी, जाऊबाई आणि खुद्द बटू. परत करताना अकरा चमचे कमी भरले, नंतर सापडले मामांच्या गाडीत, पोह्यांच्या पातेल्यात. तरी पुढच्या कार्यालाही हेच करणार, फक्त माणूस आधी ठरवायचा.

विजयनगरचा
लिहिण्यासारखं फार नाही. पनीर आणि दह्याला घरून डबा नेतो, भिया डब्याचं वजन काटून द्या म्हणायला लाज वाटायची, आता दुकानदारच विचारतो डबा कुठंय. एसी २६ वर ठेवायचं ठरलं होतं, ते मे महिन्यात बायकोने मोडलं, जूनमध्ये मी.

रामबाग, वय ७४
मला टाइप करून देतोय नातू. मी दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापत नाही, लटकता ठेवते, कारण तो चिमुकला तुकडा एकदा सुटला की नालीतच जातो, कोणी वेचत नाही. पिशवी धुवायची आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवायची, वाळली की आपोआप गळून पडते. सुनेला पाहुण्यांसमोर लाज वाटते, भिंतभर पिशव्या. असू दे. आता खोकं भरलंय, भंगारवाला म्हणतो पाच किलो झाल्याशिवाय येणार नाही. माझा तराजू जुना, वजनं हरवली. कोणाकडे काटा आहे का जवळपास?

धागाकर्ती
काकू, मी नारायणबागेत राहते. किचनचा काटा आहे, रविवारी सकाळी घेऊन येते.

रामबाग, वय ७४
ये. पोहे करते. येताना शेव आण, आणि हो, डब्यात आण.