पगारातून टीडीएस (आयकर) कापला, पण २६एएस या आयकर पोर्टलवरच्या कर-नोंदींत निम्माच दिसतोय. आयकराची डिमांड माझ्या नावावर आली आहे, काय करू?

केतकी

नमस्कार. गेले दहा-बारा दिवस डोक्याला दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात मी एका छोट्या कंपनीत होते. पगार वर्षाला १२ लाख ७५ हजार, नवी करप्रणाली. अकरा महिने ६,९३० रुपये आणि मार्चमध्ये ६,९७० असा एकूण ८३,२०० रुपये टीडीएस कापला. ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की १२ लाखांवर सेससह तेवढाच कर येतो, म्हणजे कापलेली रक्कम बरोबर आहे. मे २०२५ मध्ये नोकरी सोडली.

फॉर्म १६, म्हणजे कंपनीने द्यायचा टीडीएसचा दाखला, मागून मागून मिळाला, तोही फक्त भाग ब, पगाराचा हिशेब. भाग अ, म्हणजे सरकारात भरलेल्या टीडीएसच्या नोंदी, त्यासाठी "आज पाठवतो, उद्या पाठवतो" चाललं होतं. रिटर्नची मुदत संपत आली तेव्हा पगारपत्रकांवरून पूर्ण ८३,२०० दाखवून रिटर्न भरलं. नोव्हेंबरमध्ये सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या आयकराच्या केंद्राकडून, कलम १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासल्याची सूचना, आली. टीडीएस मान्य केलाय फक्त ४१,५८०. उरलेले ४१,६२० आणि वर आगाऊ कर कमी भरल्याचं कलम २३४बी, २३४सी चं व्याज धरून ४७ हजारांच्या पुढची डिमांड.

२६एएस उघडलं तर एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा ओळी आहेत. ऑक्टोबरपासून पुढे काहीच नाही. एचआरला फोन केला तर म्हणाले, "अकाउंट्सला सांगितलंय, होऊन जाईल." इंटिमेशन येऊन आज तेरा दिवस झाले.

पैसे माझ्या पगारातून एकदा गेलेत. पुन्हा मीच भरायचे का? आणि सल्ला घ्यायचा तर कोणाचा, सीएचा की वकिलाचा? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा.

निवांत

माझं मत विचाराल तर भरून टाका. तीस दिवसांनंतर दर महिन्याला एक टक्का व्याज चढत राहतं. आधी आयकरातून सुटा, मग कंपनीकडून सावकाश वसूल करा. सरकारी कागदांत आपलं नाव थकबाकीदार म्हणून नको.

जमाखर्च

केतकी, थांबा. लगेच भरू नका. निवांत यांचं व्याजाचं म्हणणं बरोबर आहे, पण पैसे भरले की तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार जातं. मी बरीच वर्षं पगार विभागात काम केलंय, त्या टेबलाच्या पलीकडून सांगतो.

आयकर कायदा १९६१ चं कलम २०५ वाचा. पगारातून कर कापला गेला असेल, तर जेवढा कापला तेवढ्यापुरती वसुली कर्मचाऱ्याकडून थेट करता येत नाही. कापलेले पैसे सरकारात भरणं ही मालकाची जबाबदारी, आणि न भरल्यास थकबाकीदारही तोच. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये नेमक्या अशाच पगाराच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे, निकालसंग्रहातला संदर्भ २९३ आयटीआर ५३९. शिवाय सीबीडीटीने, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, १ जून २०१५ ला आणि पुन्हा ११ मार्च २०१६ ला आपल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं आहे की अशा डिमांडसाठी करदात्यावर सक्तीची वसुली करू नका. ही दोन पत्रं छापून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, पण तुमचं वर्ष जुन्या कायद्यातलं, तेव्हा कलमांचे आकडे जुनेच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "कंपनीने भरला नाही" हे तुम्ही गृहीत धरलंय. ओळी नसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पैसे भरले पण २४क्यू हे तिमाही विवरणपत्र भरलंच नाही, असं होतं. विवरणपत्र भरलं पण त्यात तुमचा पॅन चुकला, असंही होतं, आणि ही चूक मी स्वतःच्या डोळ्यांनी अनेकदा पाहिली आहे. ओळ दिसते पण स्थितीच्या रकान्यात 'एफ' (फायनल) ऐवजी 'यू' (अनमॅच्ड) असतं, तेव्हा चलन, म्हणजे बँकेतल्या भरण्याची नोंद, जुळलेलं नसतं. आणि शेवटी, खरोखरच पैसे भरलेले नसतात. यातलं तुमचं कोणतं हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

एचआरला फोन करणं आजपासून बंद. ईमेल करा, संचालकांना प्रत ठेवून. मजकूर एवढाच:

"ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात माझ्या पगारातून ४१,६२० रुपये टीडीएस कापला आहे, पगारपत्रकं सोबत जोडली आहेत. ही रक्कम माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही. कृपया प्रत्येक महिन्याच्या चलनाचा बीएसआर कोड, भरणा तारीख आणि चलन क्रमांक, तसेच तिसऱ्या व चौथ्या तिमाहीच्या २४क्यू ची पोच सात दिवसांत कळवावी."

राग, धमकी काही लिहू नका. बीएसआर कोड म्हणजे बँक शाखेचा क्रमांक, तो सात आकडी असतो, चलन क्रमांक पाच आकडी. ज्याने पैसे भरलेत तो हे पाच मिनिटांत कळवतो. टाळाटाळ झाली तर तेही तुमच्या फाइलमधलं एक उत्तरच.

आणि हे करत असतानाच आयकर पोर्टलवर 'पेंडिंग ॲक्शन्स' मध्ये जाऊन डिमांडला उत्तर द्या. 'डिमांड बरोबर आहे' हा पर्याय चुकूनही निवडू नका, तो निवडला की नंतर हरकत घेता येत नाही. असहमत निवडा, कारण लिहा, पगारपत्रकं जोडा. गप्प बसणं हीच यातली खरी घोडचूक.

कागदोपत्री

जमाखर्च यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी या सगळ्यातून गेलोय, माझ्या चुका तेवढ्या सांगतो म्हणजे तुमचे महिने वाचतील.

पहिली चूक, मी सीपीसीकडे 'रिप्रोसेस' ची, म्हणजे रिटर्न पुन्हा तपासण्याची, विनंती तीनदा टाकली. तिन्ही वेळा तोच आकडा परत आला. सीपीसीचं यंत्र २६एएस बघतं आणि त्यात जे नाही ते देत नाही. तुमची पगारपत्रकं तिथे कोणी वाचणार नाही. २६एएस सुधारलं नसेल तर कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज तुमच्या हद्दीतल्या आयकर अधिकाऱ्याकडे, म्हणजे एओकडे, जायला हवा. तुमचा एओ कोण हे पोर्टलवर पॅन टाकून कळतं.

दुसरी चूक, पहिल्या भेटीत मी चाळीस पानांचा गठ्ठा घेऊन गेलो. साहेबांनी दोन पानं उलटली आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या वेळी एकच तक्ता नेला. महिना, एकूण पगार, पीएफ, व्यवसाय कर, टीडीएस, हातात आलेला पगार, आणि शेवटच्या रकान्यात बँकेत जमा झालेली रक्कम आणि तारीख. बँकेच्या स्टेटमेंटवर त्या सहा ओळी पिवळ्या पेनने रंगवलेल्या. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, डिसेंबरची वजाबाकी स्वतः केली, रुपयाला रुपया जुळला, आणि मग पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. कलम २०५ चा सगळा आधार 'कर कापला गेला' यावर आहे. तो पुरावा त्या वजाबाकीत असतो, कंपनीच्या पत्रात नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. १५४ चा अर्ज ज्या महिन्यात पोचतो, त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निकाली काढायचा असतो, म्हणून तारीख महत्त्वाची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर नंतर मनस्ताप होईल. वसुली थांबते, पण डिमांड पोर्टलवरून लगेच पुसली जाईल असं नाही. माझी दिसतच राहिली आणि पुढच्या वर्षीचा रिफंड त्यात वळता करण्याची कलम २४५ ची सूचना आली. त्या सूचनेलाही मुदतीत असहमतीचं उत्तर द्यावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय की असा रिफंड वळता करणं ही आडवाटेने केलेली वसुलीच आहे. मी तो निकाल जोडला आणि रिफंड सुटला.

सीए की वकील? या टप्प्यावर सीए. पण नुसती रिटर्नं भरणारा नको. त्यांना सरळ विचारा, "एओसमोर १५४ चं प्रकरण चालवलंय का? २०५ वर कधी उत्तर दिलंय का?" जो आधी "भरून टाका" म्हणेल त्याच्याकडे थांबू नका. वकील लागतो तो उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर.

सावली

अपिलाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. १४३(१) च्या इंटिमेशनविरुद्ध तीस दिवसांत फॉर्म ३५ भरून अपील करता येतं. उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर शुल्क १,००० रुपये. १५४ चा अर्ज केला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. केतकी, तुमच्याकडे सतरा दिवस आहेत. माझं मत, अपील करून ठेवा. दुरुस्ती झाली तर मागे घेता येईल.

चौकट

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारतो. माझ्या कंपनीने वर्षभर टीडीएस कापलाच नाही, पगार पूर्ण दिला. आता डिमांड आली. मलाही २०५ लागू होईल ना?

जमाखर्च

नाही हो. कापलाच नसेल तर पैसे तुमच्याकडेच आहेत, कर तुम्हालाच भरावा लागेल. २०५ 'जेवढा कापला तेवढ्यापुरतं'च आहे. न कापल्याबद्दल कंपनीवर कलम २०१ खाली वेगळी कारवाई होऊ शकते, पण त्याने तुमचा कर कमी होत नाही. तुम्ही मात्र लवकर भरा, कारण तुमच्या बाबतीत व्याज खरंच चढतंय.

केतकी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

डिमांडला असहमतीचं उत्तर त्याच रात्री दिलं. ईमेलला सहा दिवस उत्तर नव्हतं, सातव्या दिवशी अकाउंट्समधल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तिसऱ्या तिमाहीत माझ्या पॅनमधले दोन आकडे उलटसुलट टाइप झाले होते. पैसे भरलेले आहेत. त्यांनी तीन चलनांचे तपशील ईमेलने पाठवले. चौथ्या तिमाहीबद्दल विचारलं तर आधी गप्प. मग म्हणाल्या, "जानेवारीपासून कोणाचेच भरलेले नाहीत." फोन ठेवल्यावर मी ते वाक्य तसंच, तारीख-वेळेसह लिहून त्यांना ईमेल केलं, "आपल्या बोलण्यानुसार" असं म्हणून. त्यावर अजून उत्तर नाही.

म्हणजे २०,७९० रुपये एका कारणाने अडकलेत आणि २०,८३० दुसऱ्या. आता दोन्ही एकत्र एओकडे नेऊ का?

अपीलही केलं. सावली, तुमच्यामुळे लक्षात आलं.

जमाखर्च

एकत्र नेऊ नका. दोन दुखणी, दोन औषधं.

तिसऱ्या तिमाहीसाठी कंपनीकडून २४क्यू चं दुरुस्ती विवरणपत्र भरून घ्या आणि त्याची पोच मागा. दुरुस्ती कधीही करता येते या समजुतीत कंपनीला राहू देऊ नका. पूर्वी मुदत नव्हती, मग सहा वर्षांची आली, आणि नव्या कायद्यात ती दोनच वर्षांवर आणली आहे. त्या तीन ओळी २६एएसमध्ये 'एफ' म्हणून दिसल्या की मग सीपीसीकडे दुरुस्तीची विनंती टाका. तेव्हा ती चालेल, कारण यंत्राला हवं ते समोर असेल. डिमांड निम्म्यावर येईल, त्यावरचं व्याजही त्या प्रमाणात उतरेल.

चौथी तिमाही म्हणजे थेट २०५. कागदोपत्री यांनी सांगितलेला तक्ता फक्त जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचा करा. तीन ओळी, एक पान. सोबत तो ईमेल जोडा. आणि कंपनीचा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) लिहून टीडीएस विभागाच्या अधिकाऱ्याकडे वेगळी लेखी तक्रार द्या. कापलेला कर न भरणाऱ्या मालकाला दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि कलम २७६बी खाली फौजदारी खटल्याचीही तरतूद आहे. त्या कंपनीतल्या इतरांशीही बोला. "कोणाचेच नाहीत" म्हणजे तुमच्यासारखे आणखी लोक आहेत, आणि त्यांतल्या काहींना अजून इंटिमेशन आलेलीही नसेल.

केतकी

चौघांशी बोलले. दोघांनी अजून २६एएस उघडून पाहिलंच नव्हतं. एकाने मागच्या आठवड्यात पूर्ण रक्कम भरून टाकली, त्याला आता काही करता येईल का?

कागदोपत्री

त्यालाही १५४ चा अर्ज करू दे, इंटिमेशनच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षं मुदत असते. पण तुमच्यापेक्षा त्याची वाट अवघड आहे, कारण त्याला वसुली थांबवायची नसून परतावा मागायचा आहे, आणि कंपनीचा भरणा आल्याशिवाय एओ तो सहसा देत नाही. त्यामुळे त्याने कंपनीकडे त्या रकमेची लेखी मागणी आजच करावी, भरलेल्या चलनाची प्रत जोडून. टीडीएस विभागाकडच्या तक्रारीवरही त्याची सही घ्या.

केतकी

तिसऱ्या तिमाहीच्या तीन ओळी आज सकाळी २६एएसमध्ये दिसल्या. तिन्हींसमोर 'एफ' आहे. सीपीसीकडे विनंती आत्ताच टाकली. टीडीएस विभागाकडच्या तक्रारीवर पाच सह्या झाल्या आहेत. तक्ता उद्या एओकडे घेऊन जातेय, जानेवारीची वजाबाकी दोनदा करून पाहिली.