विषय: सीटच्या रुळांतले झिजलेले रोलर

नमस्कार मंडळी,
२५ वर्षांची गाडी, हाताने सरकवायची सीट. ब्रेक लावताना आणि वेग घेताना चालकाची सीट 'टक्' करून हलते. जमिनीतले चारही बोल्ट घट्ट आहेत. नुसते रोलर बदलून भागेल का?

उत्तर १
नमस्कार,
आधी खेळ (ढिलेपणा) कुठल्या दिशेला आहे ते तपासा. सीटची पुढची कड धरून वर-खाली हलवा. खुळखुळली तर रोलर गेलेत. पण सीट पुढे-मागे हलत असेल, तर दोष सीटला रुळाच्या खाचेत अडकवून ठेवणाऱ्या खटक्याचा आहे, रोलरचा नव्हे. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

रोलर गेले असतील तर सीट पूर्ण मागे घेऊन पुढचे बोल्ट काढा, मग पूर्ण पुढे घेऊन मागचे. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवा, किमान १० मिनिटं थांबा आणि मगच सीटखालचे कनेक्टर काढा. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेचा असतो. सीट बाहेर असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसेल.

रूळ वेगळे करण्याआधी फोटो काढा. रोलरबरोबर बारीक छर्रेही असू शकतात, म्हणून खाली जुनी चादर अंथरा. एका वेळी एकच रूळ उघडा, दुसरा नमुन्याला राहू द्या.

उत्तर २
मापाबद्दल थोडं. झिजलेला रोलर गोल राहत नाही, एका बाजूने सपाट होतो. म्हणून व्हर्निअर (बारीक माप घेणारी मोजपट्टी) दोन-तीन ठिकाणी लावा आणि सर्वांत मोठं माप धरा. शक्यतो रुळाच्या टोकाजवळचा, कमी वापरातला रोलर मोजा. तयार सुटा भाग मिळत नसेल तर अ‍ॅसिटलच्या (एक कडक प्लास्टिक) गोल सळीतून कापता येतो. नायलॉन नको, ते ओलावा शोषून किंचित फुगतं आणि रोलर अडकतो. मूळ रोलर प्लास्टिकचा असेल तर पोलादी घालू नका, तो पत्र्यात चर पाडतो. आणि 'घट्ट बसावा' म्हणून जाड रोलर ठोकून बसवला, तर रुळाचे ओठ (आत वळलेल्या कडा) फाकतात. मग रूळ बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

रुळाच्या तळाशी सरळ पट्टी धरून पाहा. सीट वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली असेल, तर रोलरखाली खळगा पडतो. तिथे नवा रोलरही खालीच बसणार, आणि आवाज परत येणार.

जुनं ग्रीस धूळ आणि केसांसकट दगडासारखं झालेलं असतं, ते रॉकेल आणि ब्रशने पूर्ण काढा. नवं ग्रीस प्लास्टिकला चालणारं घ्या आणि पातळ थरच लावा, कारण जास्तीच्या ग्रीसला पुन्हा धूळच चिकटते.

उत्तर १ (पुन्हा)
जोडतानाची मोठी चूक राहिली सांगायची. डावा आणि उजवा रूळ एकाच खाचेवर हवा. एक खाच जरी मागेपुढे झाली तरी एकाच बाजूचा खटका बसतो, आणि जोराच्या ब्रेकला सीट सुटू शकते. चारही बोल्ट आधी हाताने लावा, सीट टोकापासून टोकापर्यंत सरकवून पाहा. अडखळली तर रूळ समांतर नाहीत, बोल्ट सैल करून सीट पुन्हा बसवा. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने (बोल्ट आवळायच्या ठरलेल्या जोराने) आवळा.

बॅटरी जोडण्याआधी सगळे कनेक्टर लागलेत ना, ते पाहा. शेवटी प्रत्येक खाचेत थांबून सीटला पुढे-मागे जोरात हिसका द्या. दोन्ही खटके बसल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत कुणालाही त्या सीटवर बसवू नका.