चार फुटी प्लांटेड टँकला (जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या टाकीला) लाइट कोणती घ्यावी?

लातूरकर: टँक 4×2×2 फूट, साधारण 450 लिटर. पाणी बोअरचं, जड. व्हॅलिसनेरिया, अनुबियास, जावा फर्न लावायचंय, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड) नाही. दुकानदार निळी-गुलाबी लाइट घ्या म्हणतोय. घ्यावी का?

परभणीकर: नका घेऊ दादा. मासे त्यात उठून दिसतात, पण पानांचा खरा रंग कळतच नाही, अन् पान पिवळं पडलेलं उशिरा ध्यानात येतं. 6500 केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी एलईडी बघा. तुमच्या झाडांना लिटरमागं 15 लुमेन (उजेडाचं माप) पुरे, म्हणजे चांगल्या एलईडीत 70 वॉटच्या आसपास. दोन फूट रुंदीला एक पट्टी पुरत नाही, दोन लावा. अनुबियासच्या पानावर शेवाळाचे हिरवे टिपके घट्ट बसले, नखानं खरवडूनही निघेनात, तर त्याला सावलीत सरकवा. व्हॅलिसनेरियाला जड पाणी मानवतं, ती काळजी सोडा.

लातूरकर: रात्री उशिरापर्यंत चालू ठेवली तर?

परभणीकर: दिवसाला 6-7 तास बस, नाहीतर शेवाळ धरतं. टायमर बॅटरीवालाच घ्या; आपल्याकडं लाइट गेली की साधा टायमर मागं पडतो.

नांदेडकर: खिडकीसमोर टँक ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तापतं, मासे हवेसाठी वर येऊन तोंड मारायला लागतात.