आयआयटी हुकलेल्या भावाशी कसं बोलू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. धाकट्या भावाची यंदा बारावी झाली, पण जेईई ॲडव्हान्स या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेतल्या रँकवर एकाही आयआयटीत जागा मिळाली नाही. पवईची आयआयटी इथून इतकी जवळ, की शाळेपासून त्याच्या डोक्यात तेच कॉलेज. आता ताटावर बसतो, पोळी कुसकरतो आणि उठतो. भिंतीवरचे फॉर्म्युल्यांचे कागद त्याने फाडले नाहीत, नीट काढून गादीखाली ठेवलेत. मला तेच जास्त लागलं. त्यात शेजारून पेढे आले. आई चकार शब्द काढत नाही, बाबा मात्र रोज ‘पुढे काय?’ विचारतात.

ॲडव्हान्स लागोपाठच्या २ वर्षांत २ वेळा देता येते, म्हणजे अजून एक संधी आहे. मग ड्रॉप घे, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा दे म्हणावं, की राज्याच्या सीईटीच्या कॅप राउंडला (प्रवेश फेरीला) व्हीजेटीआय, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजांचे पर्याय भरायला लावावेत? मुदत थांबणार नाही आणि तो बोलतच नाही.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवातीला काय बोललात, काय टाळलंत? ठाण्यात या वयाच्या मुलांशी मराठीत बोलणारे समुपदेशक माहीत आहेत का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणाच्या मुलाने स्वतः फोन केला असेल, तर तोही अनुभव कळवा.